पाटीवरची पुढची जागा

मी माझ्या मालकांचं नाव तोंडानं घेत न्हाई. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेबी नणंदांनी दार अडवलं म्हणून. आता लेकीचंबी लग्न झालं, तरी दुसऱ्यांदा घ्यायची पाळी आली नव्हती. तर गोष्ट सांगताना मी आपलं "आमचे हे" म्हणणार. ह्यांचे दोस्त घडीघडीला हाका मारतेत, तवा नाव तुमाला आपोआप कळंल.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आमचे हे गावच्या दूध संस्थेत कामाला होते. सकाळी लोकांनी आणलेलं दूध मापायचं, कॅनमधी वतायचं, कॅन टेम्पोत चढवायचे, अन् टेम्पोच्या मागच्या फळक्याला लोंबकळत केंद्रावर जायचं. पुढं ड्रायव्हरशेजारी चेअरमन बसायचे. ह्यांचा जन्मच मागं उभं राहायला झालेला. पंगतीत वाढायला पहिले, जेवायला शेवटी. संस्थेच्या दारात काढलेल्या फोटोत हे हायेत म्हणून मी सांगते, पण दिसतो निस्ता टोपीचा शेंडा. मी म्हणलं, "आवो, फोटोवाल्यानं हाळी दिली तवा पुढं सरकायचं ना?" तर म्हणले, "पुढं जागा नव्हती." जागा कोणालाच नसती, लोक कोपरानं करून घेतेत. पण ह्यांच्या कोपराला ते कधी जमलं न्हाई.

ह्यांचे दोस्त तीन. अर्जुनराव म्हणजे संस्थेचे चेअरमन, रानात ऊस, अन् पोट असं की सायकलच्या हँडलला टेकतंय. बद्रीनाथ किराणा दुकानवाला, तो संस्थेचा सचिव. सायकलची घंटीसुद्धा हिशोबानं वाजवणार. तिसरा आप्पा. आप्पाचं काम एकच, हात वर करायचं. सभेत कोणताबी ठराव येऊ द्या, चेअरमनचं "मंजूर?" तोंडातून पुरं बाहेर पडायच्या आत आप्पाचा हात वर.

जवान होते तवा ह्या चौघांनी सायकलीवर वाड्यावस्त्या हिंडून सभासद गोळा केले अन् संस्था उभी केली. पाडवा झाला, रानातली कामं सरली, की डोंगरावरच्या वस्त्या धुंडाळायच्या. ती सवय लागली ती लागलीच. सभासद पुरे झाले, संस्था चालू झाली, तरी दर चैतात चौघं सायकली घेऊन गवळणीच्या माळावर जायचेच. चढाला सायकल ढकलायची, उताराला सोडून द्यायची, दगडगोट्यातून हाडं खिळखिळी करून घ्यायची, वर म्हसोबापाशी भाकरी खायची अन् दिवस मावळायला घरी यायचं. काय मिळतं तितं, असं मी विचारलं की हे म्हणायचे, "हवा." म्हणजे अंगणात काय हवा नव्हती? पण चार बापे एकदा एका गोष्टीला लागले की बायांनी बोलून उपयोग नसतो.

मंग मोठा दुष्काळ पडला. जनावरं छावणीला गेली, कोणी बाजार दावला, दुधाचा थेंब येईना. संस्थेला कुलूप लागलं. दारावरची लांबलचक पत्र्याची पाटी तेवढी राहिली, "सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित" अशी. तिच्यावर भंगारवाल्याचा डोळा. अर्जुनरावांनी इज्जतीचा सवाल केला. म्हणले, पाटी इकली तर संस्था इकल्यासारखी हाय. लगेच ठराव झाला की पाटी सुरक्षित जागी हलवावी. अन् सुरक्षित जागा कोणती, तर गवळणीच्या माळावर म्हसोबाच्या देवळामागं, कारण चौघांच्या डोक्यात दुसरी जागाच नव्हती. दोन सायकलींच्या कॅरेजवर आडवी बांधून चौघांनी पाटी वर नेली. खाली टाकली, दम खायला चौघं तिच्यावर बसले, अन् पाटी निघाली.

चैतात माळावरचं कुसळीचं गवत वाळून असं गुळगुळीत होतंय की शेरडंसुद्धा जपून पाय टाकतेत. त्या गवतावरून पाटी चौघांना घेऊन पार खालच्या बांधापर्यंत गेली. कोणाला खरचटलं न्हाई, पण चटक लागली. पुढच्या चैतात लोहाराकडून पाटीचं पुढचं टोक वर वळवून घेतलं, अन् कोणी कुठं बसायचं त्याचा रीतसर ठराव केला. पुढं चेअरमन. त्यांच्यामागं सचिव. त्याच्यामागं आप्पा. सगळ्यात मागं आमचे हे, टाचा रोवून ब्रेक मारायला. अर्जुनराव म्हणले, "त्रिंबकच्या टाचंवर आपला भरोसा हाय." झालं. माणसावर भरोसा टाकला की तो बिचारा मागंच बसतो. खाली गेल्यावर पाटी वर वढून आणायचं कामबी त्याच भरोशाचं.

हे सगळं मला कसं कळलं, तर टाचंतून. दर चैतात ह्यांच्या टाचंतली कुसळं अंगणात बसून मीच काढायची. एकदा सुईनं एक खोल गेलेलं कुसळ उकरताना हे एकदम म्हणले, "मला एकदा पुढं बसायचंय."

"कशाला?"

"मागून तीन पाठीच दिसतेत. पुढून धनेगावच्या धरणाचं पाणी दिसतं म्हणे. उतरताना असं समोर चमकत येतं म्हणे. अर्जुन सांगतो."

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी स्वतःसाठी काय पायजे असं म्हणलेलं मला आठवत न्हाई. मला लई वाईट वाटलं. अन् रागबी आला. राग जास्त आला.

"मंग मागा की जागा. तोंड न्हाई का?"

"मागतो की. दरसाली ठराव मांडतो. अनुमोदन मिळत न्हाई."

आता ऐका. संस्थेच्या दाराला जाळी लागलेली, कुलूप गंजून गेलेलं, पण नियम जिवंत. अनुमोदक नसला तर ठराव मताला जात न्हाई. अन् अनुमोदन कोण देणार? हे पुढं गेले की ब्रेक दुसऱ्या कोणाला तरी व्हावं लागणार, अन् ब्रेकला पाटीबी वढावी लागणार. तिघंबी गप बसायचे. मी कपाळाला हात लावला.

पुढं ह्यांचा गुडघा गेला. आंबाजोगाईच्या डॉक्टरनं दोन वर्षांमागंच सांगितलं होतं की गुडघा बदलून घ्या. पण आमचे हे चिरफाडीला भेतेत. "चालतंय की," म्हणून ढकललं. यंदा पाडव्याआधी गुडघा भोपळ्याएवढा सुजला, तवा डॉक्टर चिडले. "ह्या पायावर आता सायकल चालवायची न्हाई. न्हाईतर पुढं काठी हाय." यष्टीत येताना हे खिडकीतून बाहेर बघत बसले. अर्ध्या वाटेवर म्हणले, "एवढा चैत जाऊ दे. शेवटचा. यंदा पुढं बसायला मिळालं तर मिळालं. मंग ती सायकल तुझ्या भावाला देऊन टाक."

"अन् गुडघा?"

"गुडघ्याला काय करायचंय मंग? घरातल्या घरात चालंल तो."

मी म्हणलं, "मीबी येते."

तुमी म्हणाल, ही कशावर जाणार. आमच्या लेकीला, शिवकन्याला, शाळेत असताना सायकल मिळालती. ती नांदायला गेली, सायकल घरात राहिली. त्या मोठ्या दुष्काळात आमचा पाझर तलाव पार कोरडा पडला, बूड असं सपाट की खळ्यासारखं. मी दुपारच्या पारी तितं जाऊन शिकले. पडलं तर बघायला कोणी न्हाई, अन् बुडायला पाणी न्हाई. हे घरात सांगितलं न्हाई, कारण कोणी विचारलंच न्हाई.

तर त्या दिवशी सकाळी पिंपळापाशी तीन दोस्त उभे, अन् मी पदर खोचून सायकलीवर. आप्पाचं तोंड उघडंच राहिलं.

"वहिनी, तुमी कावून?" अर्जुनराव म्हणले.

"डॉक्टरनं गुडघ्याची जिम्मेदारी माझ्यावर टाकलीय."

ह्यावर ठराव मांडता येईना, म्हणून निघाले. चढाला सगळ्यांनी सायकली ढकलल्या. अर्जुनराव दर वळणाला "निसर्ग बघू" म्हणून थांबायचे अन् भात्यासारखे फासफूस करायचे. हे गुडघ्यावर हात दाबत चालले होते. खाली रस्त्यानं पाण्याचा टँकर सांडत सांडत चालला होता. मी ह्यांना म्हणलं, बसा जरा. बसले न्हाईत.

वर म्हसोबाला नारळ फोडला, भाकरी खाल्ली. शेवटचा घास तोंडात असतानाच अर्जुनरावांनी सभा सुरू केली. "विषय, बसण्याची व्यवस्था. मागचीच कायम ठेवू."

"एक ठराव हाय," हे म्हणले. बोलताना नजर म्हसोबाकडं, दोस्तांकडं न्हाई. "यंदा मी पुढं बसतो."

"अनुमोदक?"

बद्रीनाथ चिंच चोखायला लागला. आप्पानं सायकलची साखळी बघायला घेतली, जशी काय पहिल्यांदाच दिसली. अर्जुनराव म्हणले, "बे त्रिंबक, तू पुढं बसलास तर ब्रेक कोण? सगळे बांधात जाऊ. अनुमोदन न्हाई, ठराव—"

"माझं अनुमोदन," मी म्हणलं.

अर्जुनराव हसले. लेकराला समजवावं तसं म्हणले, "वहिनी, त्याला सभासद असावं लागतं."

"सभासद? मी संचालक हाय. बायांच्या दोन राखीव जागा भरायच्या होत्या तवा माझं अन् तुमच्या रुक्मिणीबाईचं नाव कोणी घातलं? वर्षानुवर्षं चुलीपुढं येऊन सह्या घेऊन गेलात, सभा कधी दावली न्हाई. आज दावा."

मंग अर्जुनरावांनी बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथनं चिंचोका थुंकला अन् हळूच म्हणला, "नाव हाय त्यांचं. त्रिंबक निस्ता सभासद हाय. वहिनी संचालक."

आमच्या ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू घरात एवढी वर्षं तहसीलदारीण भाकरी थापत होती.

"ठीक हाय, मत घेऊ," अर्जुनराव म्हणले. "बद्रीनाथ आन् मी इरोधात. ठराव कोणाला मंजू—"

आप्पाचा हात वर.

"खाली घे बे, तुला कोण इचारलं?"

"आता वर गेला," आप्पा म्हणला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं होतं. पण हात वर गेलेला सचिवानं बघितला होता. आमी तिघं, ते दोघं. ठराव मंजूर.

हे पुढं बसले. टोपी काढून खिशात घातली, पुन्हा काढून डोक्यावर घातली. मागं अर्जुनराव, मंग आप्पा, अन् ब्रेकला बद्रीनाथ, तोंड एरंडेल पिल्यासारखं. मी वर उभी राहून बघत होते. पाटी सरकली, जरा जोर धरला, अन् ह्यांच्या टाचा मला दिसल्या. उतार बघितला की त्या टाचा रुततेत, दुसरं त्यांना येतच न्हाई. पुढं बसलेल्या माणसानं ब्रेक मारला. पाटी गर्रकन आडवी झाली अन् चौघं चार दिशेला गडगडले.

लागलं कोणालाच न्हाई. पण अर्जुनरावांच्या धोतरात माळावरची निम्मी कुसळं गेली. बसल्या जागी एक एक उपटत म्हणले, "ठराव रद्द." ह्याला मात्र अनुमोदक लागला न्हाई. त्यांचा फेटा सुटून खाली बांधापर्यंत गेलता. तो आणायला तिघं उतरून गेले, वाटंत सगळा दोष ह्यांचाच.

हे उताराच्या मधीच पाटीला धरून बसले होते. मी जवळ गेले.

"माझीच टाच," हे म्हणले. "कोणी अडवलं न्हाई. जागा दिली, तर मला बसताच आलं न्हाई." डोळ्यात पाणी होतं. कुसळ गेलं म्हणून होतं असं मी म्हणणार न्हाई.

माझा जीव तुटला. पण मला गोड बोलता येत न्हाई, ते ह्यांनाबी ठाऊक हाय. मी म्हणलं, "उठा. धरा पाटी. वर न्यायची."

"तिघं येतेत का पुन्हा?"

"तिघांचं काय काम हाय? पुढं तुमी, मागं मी."

"ब्रेक?"

"माझ्या टाचा बघा अन् मंग इचारा."

लग्न झाल्यावर काही हंगाम आमी दोघं माजलगावकडं ऊसतोडीला गेलतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमधी चढायचं. फळी हलती, मोळी डुलती, टाच चुकली की कंबर गेली. त्या टाचा अजून माझ्याच पायाला हायेत. हे तवा खालून मोळी उचलून द्यायचे अन् मी वर पोचेपर्यंत मान वर करून बघत उभे राहायचे. मुकादम शिव्या द्यायचा तरी हलायचे न्हाईत.

पाटी वर नेली. ह्यांच्या गुडघ्यानं चार जागी थांबवलं. मी मागं बसले, पदर कमरेला घट्ट केला, अन् ह्यांना सांगितलं, "पाय पोटाशी घ्या. काय झालं तरी खाली टेकवायचे न्हाईत. थांबवायचं काम माझं." हे मान हलवून हो म्हणले.

पाटी निघाली. वारा कानात शिरला. अन् थोडं पुढं गेलो न्हाई तर ह्यांच्या टाचा पुन्हा खाली चालल्या. मी म्हणलं, "आवो, पाय." ऐकू गेलं न्हाई. "आवो!" टाचा गवताला टेकल्या, पाटी डुचमळली, अन् माझ्या तोंडातून निघून गेलं,

"त्रिंबक! पाय वर घे!"

घ्या बी न्हाई. घे. गुरं हाकलावीत तसं. ह्यांना असा धक्का बसला की गुडघा दुखतोय हेबी इसरले, पाय पार हनुवटीला. मंग पाटी जी सुटली ती सुटलीच. मला समोर एकच पाठ दिसत होती अन् ती हसण्यानं गदागदा हलत होती. मीबी हसत होते. आमी दोघं असं एकाच वेळी कधी हसलो होतो, आठवत न्हाई. बांध जवळ आला तशी मी टाचा रोवल्या, दोन्ही, जोर लावून. पाटी अर्जुनरावांच्या पायापासून हातभरावर येऊन थांबली.

तिघं पुतळ्यासारखे उभे. अर्जुनराव एका हातात फेटा धरून, बद्रीनाथ तोंड उघडं टाकून. आप्पाचा हात वर होता. कोणी काय इचारलंच नव्हतं.

"वहिनींनी नाव घेतलं बे," बद्रीनाथ हळूच म्हणला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर डोक्यावर वढला अन् ह्यांना इचारलं, "धरण दिसलं का?"

"दिसलं," हे म्हणले. "पाणी न्हाई त्यात. निस्तं पांढरं पडलंय."

"घ्या. एवढं भांडून पुढं बसलात, तेबी ह्या साली."

"असू दे गं," हे म्हणले. "लई चांगलं दिसलं."

त्या दिवशी पाटी वर अर्जुनरावांनी वढली. ठराव न करता.

दिवस मावळायला आमी घरी आलो. अंगणात बसून मी ह्यांच्या गुडघ्याला तेल लावत होते, अन् यंदा उलटं, हे माझ्या टाचंतली कुसळं काढत होते. हळूच, लई जपून. काढता काढता म्हणले, "आणखी एकदा घे की."

"काय?"

"नाव."

"हितं न्हाई," मी म्हणलं. "पुढच्या चैतात. पाटीवर."

हे आपल्या गुडघ्याकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या रांगेला घागरी लावून आले, तर हे आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभे.

"कुठं?"

"आंबाजोगाईला. गुडघा बदलून घेतो."

दोन वर्षं मी डोकं फोडलं होतं ह्या माणसापुढं. "आज कावून?"

"डॉक्टर म्हणलेत, बरं व्हायला लई महिने लागतेत," हे म्हणले. "चैतापर्यंत व्हायला पायजे. चल, यष्टी जाईल."

यष्टी आली. गर्दी होती. मी चढेपर्यंत हे आत गेलते, अन् मी बघते तर कोपरानं वाट काढत हे पार पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या शीटवर जाऊन बसलेले. शेजारच्या जागेवर माझ्यासाठी टोपी ठेवली होती.